ढिली वाटी

पंखे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना बायकोने ध्यानकेंद्रात धाडलं ते दम देऊनच.

"पाहुण्यांना उठवून त्यांच्या खुर्चीचे स्क्रू पिळता. अर्ध्या जेवणातून उठून मिक्सर खोलता. माणूस आहात की भिंगरी? शेवटच्या दिवशी तासभर न हलता बसा आणि प्रमाणपत्र घेऊनच या. नाहीतर मी चालले ताईकडे, कायमची!"

"बरं बाई. आल्यावर आपल्या झोपायच्या खोलीतल्या पंख्याची वाटी तेवढी पिळतो. बावीस वर्षं खटखटतोय..."

"त्या पंख्याला हात तर लावून बघा!"

मिस्त्रीच्याच घरचा पंखा वाजतो म्हणून सगळी गल्ली हसायची. पण बायकोपुढे मिस्त्रींची मात्रा चालत नसे. तिने स्क्रूड्रायव्हरसुद्धा पिशवीतून काढून घेतला.

केंद्रात शांतता औषधालाही नव्हती. शांतताप्रमुख नेमलेले गृहस्थ कर्णा तोंडाला लावून "शांतता राखाऽऽ" असं दिवसभर कोकलत फिरत. साधकांचं मौन, त्यामुळे कुणाला मीठ हवं असलं की तो ताटावर चमचा बडवी. आणि ध्यानाच्या खोलीत पंखा! कर्र-खट्, कर्र-खट्.

"आवाज येईल, जाईल," गुरुजी म्हणाले. "आपण फक्त पाहायचं."

मिस्त्रींनी पाहिलं. छताजवळची वाटी ढिली होती.

झालं! डोळे मिटले की वाटी दिसायची. एक आटा, फक्त एक आटा पिळला की काम फत्ते! हात नुसते शिवशिवत होते. शेजारी निवृत्त हेडबाई बसत. त्या मौन मोडून दर पाच मिनिटांनी खेकसत, "चुळबुळ बंद!"

चौथ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मिस्त्री स्टुलावर चढले आणि चमच्याच्या टोकाने वाटी पिळून मोकळे झाले. पंखा गप्प झाला, तर मागचा पंप ऐकू यायला लागला. पंप सुधारला, तर दार करकरलं. दाराला स्वयंपाकघरातलं तेल गेलं. सहाव्या दिवशी कर्ण्यातले सेल गायब झाले, ते कुठे गेले हे मिस्त्रींनाच ठाऊक.

सातव्या दिवशी शेवटचा तास सुरू झाला. टाचणी पडली तरी दचकावं अशी शांतता! मिस्त्री धन्य झाले. आता बसायचं, प्रमाणपत्र घ्यायचं, घर गाठायचं.

सूंऽऽई... पुक्.

मिस्त्रींनी एक डोळा उघडला. कुठून तरी हवा गळतेय. खिडकीची फट? नळ? हेडबाई? एकेक साधक डोळे उघडून इकडेतिकडे बघायला लागला. नीट ऐकावं म्हणून मिस्त्रींनी श्वास रोखला.

आवाज थांबला.

श्वास सोडला. सूंऽऽई... पुक्.

मिस्त्रींना दरदरून घाम फुटला. आयुष्यभर दुसऱ्यांचे बिघाड शोधले, आणि हा आपल्याच नाकात! त्यांनी पुन्हा श्वास कोंडला. तोंड लालबुंद झालं, डोळे बाहेर आले, आणि शेवटी नाकातून अशी शिट्टी सुटली की हेडबाई आसनावरून सरकल्या.

"अहो, श्वास घ्या, पण असा नको!"

"मिस्त्री," डोळे न उघडता गुरुजी म्हणाले, "ती वाटी होती तशी करा बघू."

"उठलो तर प्रमाणपत्र जाईल, गुरुजी. बायको घर सोडून जाईल हो!"

"तुम्ही बसून राहिलात तर या वीस जणांचं जाईल. उठा. तास नव्याने धरू."

मिस्त्रींनी जन्मात पहिल्यांदा स्वतः दुरुस्त केलेली वस्तू बिघडवली. कर्र-खट्, कर्र-खट्. सगळ्या खोलीने हुश्श केलं. मिस्त्री खाली बसले. आता दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं. हा बिघाड तर गुरुजींच्या हुकमाचा होता. त्या खटखटीत ते असे बसले की तास संपल्यावर हेडबाईंना त्यांना हलवून उठवावं लागलं.

संध्याकाळी त्यांनी घरी फोन लावला.

"मिळालं गं प्रमाणपत्र!"

"खरंच? न हलता बसलात? या मग लवकर. घर खायला उठलंय."

"येतो. पण एक विचारू? खरं सांगशील? झोपेत माझं नाक वाजतं का गं?"



"लग्नाच्या चौथ्या दिवशी तुम्ही कामाला गेला होतात ना," बायको हळूच म्हणाली, "तेव्हा स्टुलावर चढून ती वाटी मीच ढिली केली. चमच्याने."