केतकर काकूंची चिठ्ठी

लिफ्ट मध्येच बंद पडली की आपण वॉचमनला हाका मारतो. केतकर काकू पर्समधून कागद काढतात. लिफ्ट, वीज, सेक्रेटरी, चौथ्या मजल्यावरचा सोफा, अशा चौकटी आखून त्यांच्यात बाण काढतात आणि आत अडकलेल्यांना समजावतात, "कारण एकटं कधीच नसतं." हाका मारायच्या मी.

काकू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. मी परभणीकडची, आठवीत शाळा सोडलेली. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते आणि काकूंकडे राहते. त्यांनी पत्रपेटीवर माझं नाव लावलं, तेव्हा मी दोनदा जिना उतरून बघून आलेले. मला पत्र कोण पाठवणार, हा प्रश्न वेगळा.

निवृत्तीनंतर काकूंनी नवं खूळ घेतलं. तरुण पोरांची मनं कशाकशाने कोमेजतात, याचा नकाशा करून आपल्या जुन्या कॉलेजला द्यायचा. तोही तज्ज्ञांनी नाही, ज्यांचं जळतं त्यांनी काढायचा. दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतभर कागद आणि नियम एकच: चिठ्ठीवर स्वतःचं लिहायचं, दुसऱ्याचं नाही.

तेवढंच कोणाला जमेना. क्लासवाल्या सरांनी मोबाइलवर खापर फोडलं, आयांनी सरांवर. भोईरदादांच्या भातशेतीवर आता टॉवर उभे आहेत. ते म्हणाले, "पोराला गारी हाय, खोली हाय, तरी बोलत नाय. लिवा, खोलीच वाईट." काकूंनी तेही चिकटवलं. त्यांचा पोरगा बाकी मुलांसोबत मागे बसून समोसे खात होता. मुलांची एकही चिठ्ठी भिंतीवर नव्हती, आणि त्याशिवाय नकाशा कॉलेजला द्यायचा नाही, असं काकूंनी ठरवलेलं.

शेवटच्या रविवारी त्या माझ्याकडे वळल्या. "तूही विशीतलीच ना गं? लिही."

घरी फोनवर रोज 'मजेत आहे' म्हणते आणि मग नळ सोडून रडते, हे या शिकलेल्या लोकांपुढे लिहू? घाबरून तोंडातून निघून गेलं, "काकू, तुमची चिठ्ठी कुठंय?"

मला वाटलं, गेली आपली खोली.

काकूंनी पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग लिहिलं: 'मुलगा सांगायला यायचा. त्याचं पुरतं ऐकण्याआधीच मी कारणं काढायचे.'

मुलगा ठाण्यात असतो. दिवाळीला येतो, हवापाण्याचं बोलतो आणि जातो. काकूंनी चिठ्ठी स्वतःच लावली. बाण काढला नाही.

मग मी माझी लिहिली. माझ्यामागून भोईरांचा पोरगा उठला, हात पँटला पुसत.

संध्याकाळी काकूंनी मुलाला फोन लावला. मी कणीक मळत होते. त्यांचं नुसतं "हं" ऐकू येत होतं. मग "बरं, पुढे?" आणि पुन्हा "हं". पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी कुकरखालचा गॅस बंद केला. शिट्टी मध्ये नको यायला.