अजून एक सूत

आमच्या शेजारच्या रंभाजीआबांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चहा उभ्याने, जेवण उभ्याने. पेपर वाचतात तोही अंगणात येरझाऱ्या घालत, त्यामुळे निम्मी बातमी त्यांच्या दारात आणि निम्मी आमच्या दारात वाचून होते. लग्नाला गेले की पंगतीत बसावं लागू नये म्हणून स्वतःच वाढायला घेतात. न्हाव्याच्या खुर्चीत बसणं काही चुकत नाही, पण एकदा तिथंही कात्रीचा स्क्रू ढिला वाटला म्हणून अर्ध्यातून उठले, पान्हा आणायला घरी आले आणि घरी दुसरंच काही ढिलं सापडल्यामुळे परत जायचं विसरले. एका बाजूने कापलेलं डोकं घेऊन आबा बाजारच्या दिवशी राहुरीत फिरून आले, आणि कुणी हसलं तर त्यांना कळेना की हसतंय कशाला.

आबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. हंगाम सुरू झाला की कारखाना थांबत नाही, आणि कारखाना थांबत नाही म्हणून फिटर बसत नाही. ते रिटायर झाले, पण ही गोष्ट त्यांच्या पायांना कुणी कळवली नाही. आता चालू असलेली वस्तू आधी बिघडवून मग दुरुस्त करणं हा त्यांचा उद्योग आहे. मी लेडीज टेलर. पुढच्या खोलीत माझं मशीन असतं. एके दिवशी मी भाकरी टाकायला आत गेले तेवढ्यात आबांनी त्याचं पायडल खोललं. का, तर आवाज ढिल्ला येतोय. ऐन लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग पडलेला, आणि आबा माझ्या उंबऱ्यात उभे राहून कानशीने एक पिन घासतायत.

"आबा, झालं का?"

"अजून एक सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वर्कशॉपमधलं माप. पण आबांच्या तोंडी ते माप नाही, तो जप आहे. कुठलीही वस्तू कितीही घासली, कापली, ठोकली तरी तिचं एक सूत उरलेलंच असतं. कौसाकाकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "माझं लगीन बी त्यांच्या लेखी अजून एक सूत बाकी हाय."

काकूंची जीभ अशी होती. आणि हातही तसाच. तरुणपणी ज्वारी राखायला शेतातल्या माळ्यावर उभ्या राहिल्या की त्यांच्या गोफणीचा दगड सांगाल तिथं पडायचा. नवीन लग्न झालेलं असताना आबा नवी टोपी घालून बांधावरून येत होते आणि गोफणीच्या दगडाने ती टोपी उडून पाटात पडली. आबा आजवर सगळ्यांना सांगतात, बिचारीचा नेम पाखरावर होता. काकू म्हणायच्या, "पाखरू कुठलं? म्या टोपीलाच मारला."

मग गेल्या वर्षी काकूंना लकवा झाला. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, डावा हात चालता ठेवा, आणि जीभ सुटेल, पण त्यांनी स्वतः बोलायला पाहिजे. काकूंनी दोन्ही गोष्टींवर पाणी सोडलं. दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी पहिल्याच दिवशी मोरीत फेकला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. बाहेर अंगणात न्यायला गेलं की डोळे मिटून घ्यायच्या. काहीही विचारलं तरी फक्त "हं", आणि पुढे पुढे तेही नाही. त्यांच्या खिडकीसमोर पेरूचं झाड आहे, दरवर्षी त्या त्याची राखण करायच्या. यंदा पोपटांनी एक पेरू धड ठेवला नाही. थव्याने येऊन ते असा कालवा करायचे की मला मशीनवर ऐकू यायचं, आणि काकू आत भिंतीकडे बघत तो ऐकायच्या.

मला त्यांची फार काळजी वाटायची. माणूस असं आतून विझत जाताना बघवत नाही.

अशा वेळी आबांनी काय करावं? त्यांनी पिस्तूल काढलं.

खरं नव्हे, एअरसॉफ्ट म्हणतात ते. त्यांच्या मुलाने माकडं हाकलायला ऑनलाइन मागवलं होतं. बॅटरीवर चालतं, पांढरे प्लास्टिकचे मणी उडवतं. माकडांनी त्याला भीक घातली नाही आणि ते माळ्यावर पडलं होतं. आबांनी ते खाली काढलं, एका हातात धरून बघितलं आणि जाहीर केलं, "ढिल्लं हाय." म्हणजे हाताच्या टोकाला ते लोंबतं, हात थरथरतो, नेम जातो. त्याला बंदुकीसारखा मागे दस्ता पाहिजे, म्हणजे खांदा वजन घेईल. मग काय, आबांच्या पायांना हंगाम सापडला.

पहिला दस्ता खाटेच्या मोडक्या खुराचा झाला. तो जड पडला. दुसरा पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा. तो वाकला. मग बाभळीचा, तोही जड. मध्येच माझ्या सासूबाईंची काठी दिसेनाशी झाली आणि ती आबांच्या लाकूड आवळून धरायच्या शिकंज्यात सापडली. सासूबाई भिंत धरून उभ्या, आणि आबा म्हणतात, "नुसती बघून देतो." शेवटी कुठूनसं पांगाऱ्याचं लाकूड आणलं. ते हलकं असतं, खेळण्यांना वापरतात. पिस्तुलाला भोक पाडायचं नाही म्हणून मुठीला कवळणारी पत्र्याची पकड केली, तिला नटबोल्ट. दिवसभर कानशीची खरखर. मला शिलाई सरळ घालता येईना, माझंही डोकं त्या कानशीबरोबर मागेपुढे व्हायला लागलं.

त्याच गडबडीत एक दिवस आबा आले आणि माझ्याकडे उसवायला आलेला काकूंचा ब्लाउज उचलून घेऊन गेले. "बघून देतो." संध्याकाळी परत आणला तेव्हा खांद्यावर ग्रीसचा डाग. मी त्यांना असं झाडलं की गल्लीतली कुत्री गप्प झाली. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रॉकेलनं निघंल का?"

गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? रंभाजी बंदूक बनवतोय. कुणी म्हणालं बांधाच्या भांडणासाठी, कुणी म्हणालं बिबट्यासाठी. पोलीसपाटील चौकशीला आले. आबांनी उभ्या उभ्याच त्यांच्या हातात ते यंत्र दिलं. पाटलांनी खांद्याला लावून बघितलं, पोरासारखा एक डोळा मिटला आणि म्हणाले, "आबा, आखूड झालाय हो. आन् गालाची खाच उलट्या बाजूला घेतलीय तुमी."

"व्हय," आबा म्हणाले.

"मंग?"

"मंग काय. अजून एक सूत."

म्हणजे आखूड झालेला आणखी आखूड करणार. पाटील जाताना माझ्या दारात थांबले आणि डोक्याजवळ बोट फिरवून हसले. त्यानंतर जो येईल तो दस्ता खांद्याला लावून बघायचा आणि आखूड आहे, उलटा आहे असं सांगून जायचा. आबा प्रत्येकाचं ऐकायचे आणि पुन्हा कानस घ्यायचे.

एका दुपारी माझा तोल सुटला. मी कात्री ठेवली आणि त्यांच्या अंगणात गेले.

"आबा, काकू आत भिताडाकडं तोंड करून पडल्यात. आन् तुमी पोरांच्या खेळण्याला दांडा बसवताय. दोन घटका त्यांच्याजवळ बसावं वाटत न्हाई का तुमाला?"

आबांनी कानस थांबवली. वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी दस्ता माझ्यापुढे धरला.

"सुनंदे, तुझ्याकडं स्पंज हाय का? ह्या टोकाला गादी पायजे. मऊ. हाडाला लागंल न्हाई तर."

मी तणतणतच दस्ता घेऊन आले. लवकर शिवून त्यांच्या अंगावर फेकावा असा विचार होता. स्पंज कापला, वरून घालायला चिंधी शोधायला लागले आणि सवयीने दस्त्यावरून टेप फिरवला. टेप फिरवला आणि थांबले.

बायकांचे खांदे हे माझं पोट आहे. कुणाचा खांदा उतरता, कुणाचा हात आखूड, मला नाव विचारावं लागत नाही. टोकाचा तो तिरका उतार मी कितीदा तरी कापला होता. डाव्या खांद्याला उतार जास्त, म्हणून मी दर वेळी डावीकडे जरा दाबून घ्यायचे. लकव्यानंतर एका हाताने घालता यावा म्हणून पुढून वेल्क्रोची चिकटपट्टी लावलेला ब्लाउज मीच शिवला होता. दस्ता आखूड नव्हता आणि उलटाही नव्हता. तो काकूंच्या डाव्या खांद्याचा होता.

मी ट्रंकेतून काकूंच्याच हिरव्या खणाचा उरलेला तुकडा काढला आणि गादीवर चढवला. टाके बारीक घातले. नेऊन आबांच्या हातात दिला.

आबांनी गादीवरून अंगठा फिरवला. कापड ओळखलं असावं.

"तिला सांगू नगं," ते म्हणाले. "जमतंय का न्हाई, ठावं न्हाई. आन् जमलं न्हाई तर आनखी एक गोष्ट जमली न्हाई म्हनून ती भिताडाकडं वळंल. म्हनून घासत बसलो... म्हंजी, उभा राह्यलो."

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर पोपट आले. आबांनी पेरूच्या फांदीला तेलाचा रिकामा डबा बांधून ठेवला होता. पाखराला मारायचं नव्हतं, डबा वाजवायचा होता. त्यांनी खाट खिडकीकडे फिरवली, उशा लावून काकूंना टेकवून बसवलं आणि दस्ता त्यांच्या डाव्या खांद्याला लावून दिला. मी आधाराला पलीकडे उभी होते. काकूंनी डोळे मिटले.

समजावणं आबांना येतच नाही. ते बाहेर गेले आणि झाडाजवळ जाऊन, डब्याशेजारी, पाठ करून उभे राहिले. डोक्यावर टोपी. पोपटांनी आबांना काडीचीही किंमत दिली नाही, त्यांचा कालवा चालूच होता. काकूंच्या कपाळाला आठी पडली. ती आठी बघून मला जे वाटलं ते काय सांगू, कितीतरी दिवसांनी त्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं.

काकूंनी डोळे उघडले. गाल खाचेत टेकला. हात थरथरला नाही, कारण वजन खांद्यावर होतं.

पहिला मणी आबांच्या टोपीला लागला. आबा हलले नाहीत. दुसरा कुठे गेला कळलं नाही. तिसरा डब्यावर ठणकन वाजला आणि अख्खं झाड हिरवं होऊन उडालं.

आबा धावतच खिडकीशी आले. गजांतून आत बघत उभे राहिले. टोपी वाकडी झालेली. काकूंनी पिस्तूल मांडीवर ठेवलं, दस्त्याकडे एकदा बघितलं, तोंड वाकडं झालं, ओठ हलले आणि एक एक शब्द ओढून काढल्यासारखा बाहेर आला.

"गोफन... बरी हुती."

एवढे दिवस घासलेल्या दस्त्याची ही किंमत. मी आबांकडे बघितलं. त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं, मी शपथेवर सांगते. तरी ते गज धरून म्हणाले, "काय म्हनलीस? ऐकू न्हाई आलं. परत म्हन."

"गोफन बरी हुती," काकू म्हणाल्या. या वेळी रागाने, आणि जरा लवकर. "बहिरं... झालाव?"

"व्हय," आबा म्हणाले. "आजून एकदा म्हन."

मला हे ऐकू आलं, पण खिडकीत आबा दिसेनात. घाबरून बाहेर गेले तर ते खिडकीखाली भिंतीला पाठ लावून, खाली मातीत, पाय पसरून बसले होते. टोपी काढून हातात घेतली होती आणि मणी लागला ती जागा अंगठ्याने चाचपत होते. आतून काकू आणखी काहीतरी म्हणत होत्या, आणि आबा खाली बसूनच ते ऐकत होते.