चाक फिरू द्या

शहागंजातल्या नानासाहेबांच्या पैठणीच्या दुकानात कॉम्प्युटर साडी शोधायला लागला, की पडद्यावर नुसतं चाक फिरायचं. सार्थकला त्या चाकाची भारी लाज वाटायची. सॉफ्टवेअर त्यानंच लिहिलेलं, आणि दुकान श्रेयाच्या वडिलांचं! लग्नाचं विचारायचं तर आधी हे चाक थांबवायचं, असं या पठ्ठ्यानं ठरवलं. बाकीचे लोक मामा-काकांना मध्ये घालतात. यानं प्रोसेसरला घातलं.

"काका, आजवर प्रोसेसर एकेका साडीची नोंद तपासायचा. आता एकाच हुकमात आठ-आठ तपासणार. डेटाबेसचं पोटच बदललंय मी!"

"करा. पण जपून, गिऱ्हाईक बसलंय."

सार्थकनं ऐटीत बटण दाबलं आणि प्रोग्राम जागीच आडवा झाला. पडद्यावर इंग्रजीत इशारा आला: बेकायदा हुकूम.

"बेकायदा?" नानासाहेब ताडकन उठले. "आमचं आज्याच्या काळापासूनचं दुकान हाय! काय घातलंत त्यात?"

झालं होतं असं, की आठ-आठचा हुकूम सार्थकच्या नव्या लॅपटॉपला कळायचा. दुकानातला कॉम्प्युटर श्रेयाच्या शाळेतल्या दिवसांतला. त्याच्या प्रोसेसरनं असा हुकूम जन्मात ऐकला नव्हता. आधी तपासायचं असतं हो! पण आपल्या मशीनवर चाललं म्हणजे जगात चाललं, अशी या शहाण्यांची समजूत.

"मला तरी विचारायचं," गल्ल्यावर बसलेली श्रेया पुटपुटली.

सार्थकनं पदरचे पैसे घालून नवा कॉम्प्युटर आणून बसवला. आता काय विचारता! "अंजिरी, पोपटांच्या मुनिया काठाची हाय का?" असं बाईनं विचारायचा अवकाश, की उत्तर हजर: नाही.

"नाय ना? बरं, येते मग."

एक गेली, दुसरी गेली. संध्याकाळपर्यंत गादीवर फक्त चंपाबाई उरल्या, साड्या दाखवणाऱ्या. त्याही जांभया देत होत्या.

"काका, बघितला ना स्पीड?"

"बघितला. गिऱ्हाईकांचा!" नानासाहेब कडाडले. "अहो, चाक फिरायचं तवर चहा यायचा. चंपाबाई गिऱ्हाइकाच्या मांडीवर दुसऱ्या साड्या उलगडायच्या. कॉम्प्युटर नाय म्हणायच्या आत बाईला भलतीच साडी आवडायची. चालतं दुकान बसवलंत तुम्ही!"

सार्थकनं दात-ओठ खात चाक परत बसवलं. शोध क्षणात संपायचा, पण चहा संपेपर्यंत चाक उगाच फिरत राहायचं, आणि खाली लिहिलेलं: शोध चालू आहे, कृपया थांबा. दुकान पुन्हा भरलं. नानासाहेबांची कळी खुललेली पाहून त्यानं धीर केला.

"काका, श्रेयाचं... आमच्या घरचे बोलायला कधी येऊ देत?"

नानासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. चेहऱ्यावर भलताच गोडवा आला.

"बसा की, सार्थकराव. चंपाबाई, ह्यांना चहा सांगा. आमचा शोध चालू हाय."

चहा आला. सार्थक कप हातात धरून पडद्यावरच्या चाकाकडे बघत बसला. चाक फिरतं तेव्हा उत्तर कधीचंच आलेलं असतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?