विषय क्रमांक एक्केचाळीस

सेतुमामांच्या घरी रोज सकाळी सहा वाजता सभा भरते. सभासद एक, अध्यक्ष तोच आणि कारकूनही तोच. फ्रिजच्या दारावर चुंबकाने एक कागद लावलेला असतो आणि त्यावर त्या दिवसाचे विषय. विषय एक : कालचा वृत्तांत वाचून कायम करणे. विषय दोन : उरलेल्या रसमाबाबत विचार करणे. विषय तीन : डावा गुडघा डॉक्टरांना दाखवण्याबाबत. प्रत्येकासमोर निळ्या शाईत निर्णय. रसमासमोर ‘मंजूर, दुपारच्या भातावर’. गुडघ्यासमोर गेले चार महिने ‘पुढील सभेत घ्यावा’.

मी पहिल्यांदा तो कागद पाहिला तेव्हा मला हसू आवरेना. ते गंभीरपणे म्हणाले, “हंसूं नका. अजेंडा नसला तर माणूस दिवसभर नुसता बोलतो.”

सेतुमाधव राव हे त्यांचं पूर्ण नाव. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले, मी नऊ वर्षांपूर्वी साताऱ्याहून कंपनीच्या बदलीने चेन्नईत आले. वेलचेरीच्या पलीकडच्या एका गल्लीत आमची तीन मजली इमारत आहे. तळमजल्यावर ते, त्यांच्या डोक्यावर मी. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून ते म्हणाले होते, “तुमचं मराठी बरं आहे, पण जरा नवं आहे.” माझ्या आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने त्यांना तिथूनच नमस्कार केला.

आमच्या उपनगराच्या नगरपालिकेत ते कौन्सिल सेक्शनला होते. नगरपालिकेचं नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायची ते ओळखतील, आणि बाकीच्यांना आपलीच वाटेल. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. दर महिन्याच्या सभेची विषयपत्रिका तयार करायची. कुठल्या वॉर्डातला दिवा, कुठल्या शाळेचं छप्पर, कुठल्या रस्त्याला कोणत्या पुढाऱ्याचं नाव, सगळं त्यांच्या हातून क्रमांक घेऊन पुढे जायचं.

मला वाटायचं, सभा म्हणजे सभा. लोक बसतात, भांडतात, हात वर करतात. सेतुमामांनी माझं हे बाळबोध शिक्षण एका रविवारी फिल्टर कॉफीवर दुरुस्त केलं.

“खरी सभा आदल्या दिवशीं असते. चेअरमनच्या खोलींत. चेअरमन, कमिशनर, दोन्ही पक्षांचे लीडर. मी फायली घेऊन उभा. वडा येतो, कॉफी येते. मग ठरतं : हा विषय मंजूर, हा पुढें, ह्याच्यावर ओरडायचं, ह्याच्यावर ओरडायचं नाहीं. वॉकआउट किती वाजतां, तेंही.”

“वॉकआउटची वेळ ठरवतात?”

“मग? पेपरवाल्यांना कळवायला नको?” ते माझ्या अज्ञानाने दुखावले. “अकरा दहाला वॉकआउट. अकरा पंधराला उरलेले मेंबर भराभर मंजूर करतात. एक वाजतां बिर्याणी येते. बिर्याणीच्या आंत जितके विषय आले तितके झाले. तीसपर्यंत येतात, फार तर बत्तीस. त्याच्या खालचे पुढच्या महिन्याला.”

म्हणजे गावाचं नशीब क्रमांकावर. आणि क्रमांक लावणारे सेतुमामा. एवढी सत्ता हाती असलेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्या सत्तेतून स्वतःसाठी बॉलपेनची रिफिलही न घेतलेला माणूसही दुसरा पाहिला नाही. ऑफिसचं पेन ते संध्याकाळी टेबलाच्या खणात ठेवून यायचे. घरचं पेन वेगळं. घरच्या अजेंड्याचा कागदही विकत आणलेला.

आता आमच्या गल्लीबद्दल. गल्ली दोन्ही बाजूंनी चढती आणि मध्ये खोल. पावसाचं पाणी जायला गटार नाही. दिवाळीनंतरचा पाऊस लागला की सगळ्या परिसराचं पाणी आमच्याकडे माहेरी आल्यासारखं येतं आणि लवकर जायचं नाव घेत नाही. मी वरच्या मजल्यावर, माझी फक्त स्कूटर बुडते. तळमजल्यावर सेतुमामा आणि पद्मामामी, आणि मामींची वीणा.

वीणा त्यांच्या वडिलांनी तंजावरच्या कारागिराकडून करवून घेतलेली. फणसाच्या लाकडाची. मामी गल्लीतल्या मुलींना शिकवायच्या. संध्याकाळी खालून तेच तेच चार स्वर दीड तास वर यायचे आणि मी मनातल्या मनात त्या मुलींच्या आयांना बोल लावायचे. पहिल्या वेळी पाणी शिरलं तेव्हा वीणेचं लाकूड फुगलं. दुरुस्त करून आणली. दुसऱ्या वेळी सांधे सुटले. कारागिराने हात लावून पाहिला आणि म्हणाला, आता भिंतीवर लावा, शोभेला. त्यानंतर खालून स्वर येणं बंद झालं. मला वाटलं होतं तितकं बरं वाटलं नाही.

मामी रोज विचारायच्या, “गटाराचं काय जालं?” मामा म्हणायचे, “विषय गेला आहे. मेंबर ऐकत नाहींत. पुढें ढकलला.” असं अकरा वेळा झालं. मामी मेंबरांना शिव्या द्यायच्या. शिव्या तमिळमध्ये द्यायच्या, कारण त्यांच्या मराठीत तीनशे वर्षांपूर्वीच्याच शिव्या होत्या आणि त्यांनी कोणाचं काही वाकडं होण्यासारखं नव्हतं.

मग सेतुमामा रिटायर झाले. निरोप समारंभाला मामींनी मलाही नेलं. पहिल्या रांगेत बसलो. मामी कांजीवरम नेसल्या होत्या, केसांत मोगरा. चेअरमन तमिळमध्ये भाषण करत होते. मला तेव्हा भाजीवाल्यापुरतं तमिळ यायचं, म्हणून मामी माझ्या कानाशी वाकून सांगत होत्या. “म्हणतात, असा माणूस होणार नाहीं.” “म्हणतात, चौतीस वर्षं एक तक्रार नाहीं.” “म्हणतात, ह्यांच्या स्वतःच्या गल्लीचं गटार...”

तिथे मामी थांबल्या. मी वाट पाहिली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, लोक वळून आमच्याकडे कौतुकाने पाहायला लागले. “काय म्हणाले?” मी विचारलं. शेवटी मागच्या खुर्चीवरच्या बाईंनी मला इंग्रजीत सांगितलं.

चेअरमन म्हणाले होते, की ह्या माणसाचा प्रामाणिकपणा बघा. स्वतःच्या गल्लीच्या गटाराचा विषय. अकरा सभांना ह्यांनी तो स्वतःच्या हाताने सगळ्यांत खाली ठेवला, एक्केचाळीस, बेचाळीस, असा. का, तर कोणी म्हणू नये की रावांनी आपलं आधी केलं. मी स्वतः म्हटलं, राव, वर घ्या, मी मंजूर करतो. तर म्हणाले, नको सार्, मी इंटरेस्टेड पार्टी आहे.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शाल घातली, चांदीचा गणपती दिला. घरी येताना ऑटोत मी दोघांच्या मध्ये बसले होते, मांडीवर गणपती.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मला मामींचा आवाज ऐकू आला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. “अकरा वेळां मला सांगिटलांत, मेंबर ऐकत नाहींत म्हणून.” मग, “मी तरी सांगिटलें असतें, माझा विषय वर घ्या. तुम्हीं मला विचारलांत कधीं?”

त्या महिन्यात मामी मुलीकडे बंगळूरला गेल्या. त्याला तीन वर्षं झाली. सेतुमामा विचारणाऱ्यांना सांगतात, “नातीला शाळा आहे ना.” नात आता स्वतःच्या स्कूटीवर कॉलेजला जाते.

गेल्या वर्षी मी अपार्टमेंट असोसिएशनची सेक्रेटरी झाले. त्या मीटिंगला मी गैरहजर होते, आमच्याकडे निवडणूक अशीच होते. मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, गटार करून घ्यायचं. सह्या गोळा केल्या, अर्ज दिला. विषय पत्रिकेवर आला, क्रमांक एक्केचाळीस. मी सेतुमामांकडे गेले.

“मामा, तुमच्या जागेवर आता कोण आहे?”

“मुरुगेसन. माझ्या हाताखालीं शिकला. फार चांगला मुलगा.” मुरुगेसन पन्नाशीचे आहेत.

“त्यांना एक फोन करा. नुसतं म्हणा, वर घे.”

“कसं म्हणूं? मी इंटरेस्टेड पार्टी.”

“तुम्ही रिटायर झालात!”

“रिटायर माणसाला गल्ली नसते?”

त्या दिवशी मी त्यांना फार बोलले. मोठ्या माणसाशी बोलू नये असं बोलले. म्हटलं, तुमच्या तत्त्वांची किंमत कायम दुसऱ्यानेच का द्यायची? वीणा तुमची होती का? तुमचं काय बुडालं, सांगा. मग उठून त्यांनी मला ताक आणून दिलं, कढीपत्ता घातलेलं. असल्या माणसाशी भांडण करणं म्हणजे वेळेचा अपव्यय. मी ताक प्यायले आणि वर निघून आले.

मग मी त्यांनीच शिकवलेली विद्या वापरली. आमच्या वॉर्डाच्या कौन्सिलर एक बाई आहेत, पण कारभार त्यांचे यजमान पाहतात. आदल्या दिवशीच्या खोलीत यजमानांचं वजन. त्यांना मी आमच्या इमारतीची रस्त्याकडची भिंत दिली. सहा महिने तिथे यजमानांचा हात जोडलेला फ्लेक्स राहील, हसऱ्या चेहऱ्याचा, माझ्या बाल्कनीच्या बरोबर खाली. विषय एक्केचाळीसवरून नऊवर आला. मला स्वतःची लाज वाटली पाहिजे होती. ती वाटायला मला वेळ मिळाला नाही, ऑफिसला जायची सिरुसेरीची बस पकडायची होती.

सभेच्या दिवशी रजा घेऊन मी सेतुमामांना बरोबर नेलं. गॅलरीत बसलो. ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात घरचं पेन लावून आले होते. वॉकआउट अकरा पंचवीसला झाला, कारण विरोधी लीडरांचा चहा संपला नव्हता. सेतुमामा घड्याळाकडे पाहून म्हणाले, “पंधरा मिनिटं लेट. माझ्या वेळीं असं नव्हतं.”

मग मुरुगेसन वाचायला लागले. सात, मंजूर. आठ, मंजूर. नऊ. आमच्या गल्लीचं नाव, पावसाळी गटार, असोसिएशनच्या सेक्रेटरींच्या अर्जावरून, पुढे माझं नाव. बाकं वाजली. मंजूर. सगळं मिळून अर्ध्या मिनिटापेक्षा कमी लागलं. मी टाळी वाजवली तर खालून शिपायाने बोट ओठांवर ठेवलं.

‘मंजूर’ ऐकताच सेतुमामा उठून बाहेर गेले होते. मी धावत गेले, तर ते व्हरांड्यात फोन लावून उभे. त्यांना फोनवर मोठ्याने बोलायची आणि स्पीकर लावायची सवय आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू आल्या.

“पद्मा, मंजूर जालं. गटार. आत्तांच.”

पलीकडून मामींचा आवाज, जरा चोरटा, जरा उत्सुक. “कितवा नंबर?”

“नऊ.”

“नऊ?” आणि मग फार हळू, “तुम्हीं वर घेतलांत?”

मी समोरून हातवारे केले. हो म्हणा. मान डोलावली, ओठांनी म्हटलं, हो म्हणा, मामा, एकदा हो म्हणा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी काय म्हणते ते पूर्ण समजलं होतं.

“नाहीं,” ते म्हणाले. “वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनीं.”

फोन बंद झाला.

“एवढं एक खोटं बोलला असतात तर काय झालं असतं?” मी विचारलं.

“मिनिट्समध्यें तुमचं नांव आहे,” ते म्हणाले. मग फोन खिशात ठेवायला गेले, तो दोनदा खिशाबाहेरच राहिला. “चौतीस वर्षं लोकांचे विषय पाहिलों. कोणाचं दुखतं, त्याला वर घ्यायचं, एवढं मला कळतं. तिचं दुखतं तेंही कळत होतं. पण ती माझी होती. माझी, म्हणून खालीं.” आणि माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, “आतां फोन केला असता मुरुगेसनला, तर ती आली असती. नाहीं?”

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही स्टॉपवर गेलो.

गटार झालं. यजमानांनी नारळ फोडला, फोटो काढले, फ्लेक्स अजून माझ्या बाल्कनीखाली हसतोय. यंदा दिवाळीनंतर चार दिवस पाऊस कोसळला आणि पहिल्यांदा गल्लीत पाणी थांबलं नाही. आम्ही वरचे लोक ते पाहून भजी तळायला लागलो.

खाली सेतुमामा छत्री घेऊन, दुखऱ्या गुडघ्याने, गल्लीच्या मधल्या खोल जागी जाऊन उभे राहिले. वाकून त्यांनी मोकळ्या रस्त्याचा फोटो काढला आणि बंगळूरला पाठवला. दुसऱ्या दिवशीही काढला, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी मी त्यांच्यासाठी भजी घेऊन खाली गेले, तेव्हा त्यांनी मला फोन दाखवला. एकाखाली एक चार फोटो, उत्तर एकाचंही नाही. “पण हें पाहा,” त्यांनी प्रत्येक फोटोखालच्या दोन निळ्या खुणांवर बोट ठेवलं. “पाठवल्यावर एक मिनिटही लागत नाहीं. लगेच उघडून पाहते.”