विसराळू एन्कोडर

दोन्या कासिल्दाच्या बेकरीत केकवर फुलं काढणारं यंत्र आलं ते रादामेसच्या शब्दावर. हा गडी कालपर्यंत मोटारसायकलवरून केक पोचवत होता.

"पहिल्याच केकला घोळ झाला तर परत मोटारसायकल," कासिल्दाबाईंनी बजावलं होतं.

केकखालची थाळी कुठवर फिरली, हे यंत्राला सांगतो तो एन्कोडर. तोही रादामेसनेच निवडला. विक्रेत्याने फोनवर विचारलं होतं, "यात दोन जाती आहेत. एक लाईट गेली की जागा विसरतो, दुसरा विसरत नाही. तुमच्याकडे लाईट जाते का?"

"छे! आमच्याकडे इन्व्हर्टर आहे," रादामेस ऐटीत म्हणाला.

तो खोटं बोलला नव्हता. सांतियागो शहरात इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत दिवा नुसता लुकलुकला तर त्याला लाईट गेली असं कुणी म्हणत नाही. गल्ली अंधारात बुडाली आणि शेजारीण खिडकीतून सरकारचा उद्धार करू लागली, म्हणजे लाईट गेली. तेव्हा आला तो विसरणारा एन्कोडर.

शनिवारी नोटरीच्या मुलीच्या लग्नाचा केक थाळीवर चढला. आत पेरूचा मुरंबा, वरून सुस्पिरो, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक साखरेत घुसळून केलेला पांढराशुभ्र फेस. यंत्र कडेकडेने फुलं ठेवत निघालं, तसा रादामेस निर्धास्तपणे कॉफी प्यायला गेला. निम्मी फुलं झाली आणि दिवा लुकलुकला. कुणी मानही वर केली नाही.

फुलं किती झाली हे यंत्राच्या ध्यानात होतं. थाळी कुठे आहे हे एन्कोडर विसरला. उभा होता तीच सुरुवात धरून त्याने थाळी आणखी अर्धी फिरवायला लावली आणि उरलेली सगळी फुलं पहिल्या फुलांच्या डोक्यावर चढली.

"अरे मेल्या, हे काय? अर्धा डोंगर आणि अर्धं टक्कल!" दोन्या कासिल्दा किंचाळल्या.

"बाई, मी हाताने भरतो."

"हात लावशील तर बघ! आहे तेही घालवशील."

तेवढ्यात नवरीच्या भावाने केक उचलून गाडीत ठेवलासुद्धा.

रविवार रादामेसने मोटारसायकल पुसण्यात घालवला. सोमवारी भल्या सकाळी मात्र न विसरणारा एन्कोडर कुठूनसा मिळवून त्याने बसवला. एवढ्यात बाई आल्या.

"बाई, बदलला! आता लाईट कितीही लुकलुकू दे, हा जागा विसरायचा नाही."

"काढ तो!"

"अहो, पण..."

"नोटरीची बायको पहाटेपासून फोनवर आहे. तिच्या नवऱ्याकडची माणसं फुलं खरवडून टाकतात, हिच्या माहेरची फुलांसाठी मारामाऱ्या करतात. या खेपेला टक्कल त्यांना, डोंगर यांना. म्हणे, केकवरून भांडण न झालेलं घराण्यातलं हे पहिलंच लग्न. आणखी तिघींना अस्साच हवाय. तो विसराळूच बसव. निम्मी फुलं झाली की बटण बंद करून चालू करायचं. आणि कॉफी इथेच पी, यंत्राजवळून हलायचं नाही."

रादामेसच्या जिवात जीव आला. तरी त्याने भीत भीत विचारलं, "आणि मी बटण दाबायच्या आधीच दिवा लुकलुकला, तर दोन डोंगर होतील की!"

"होऊ देत. जुळ्यांच्या बाप्तिस्म्याला पाठवू."