सुगंधाची झोप आणि परबांचा बंदोबस्त

दत्ताराम परबला जगातल्या पुष्कळ गोष्टी कळत नसत. पण रातपाळी कळत असे. गिरणी संपात बुडाली तोवर त्यानं बावीस वर्षं तिसरी पाळी केली होती. त्यामुळे थोरली लेक सुगंधा मुलुंडच्या एका इस्पितळात नर्स म्हणून लागली आणि मेट्रनबाईंनी बजावलं, "आठवडाभर रात्रीचं काम करून बघ. शनिवारी सांग, दिवस की रात्र. मग सहा महिने बदल नाही! आणि ड्युटीवर डुलकी काढताना दिसलीस, तर थेट घरी!" तेव्हा दत्तारामनं मांडीवर थाप मारली.

"रात्रच घे! दिवसा पोरं शाळेत. अख्खी दहा बाय बाराची खोली तुझ्या एकटीची! राणीला मिळायची नाही अशी झोप!"

"आणि चाळीतला कालवा?" विमलानं विचारलं.

"तो माझ्यावर सोड!"

गिरणी बंद पडल्यापासून परबांच्या घरात आलेली ही पहिली पक्की नोकरी. ती डुलकीपायी जाऊ देईल, तर तो दत्ताराम कसला!

पण नाहूरची चाळ ही चाळ होती. सोमवारी सुगंधा झोपली आणि शेजारी पापड लाटायला बारा बायका जमल्या. मंगळवारी वरच्या मजल्यावर मसाला कुटला. मंगळवारच्याच रात्री सुगंधा एका पेशंटच्या काखेत थर्मामीटर लावून उभ्या उभ्या घोरली! पेशंटनं बिचाऱ्यानं थर्मामीटर स्वतःच काढून वाचला आणि तिला उठवायला मेट्रनबाईंना हाक मारली.

"ही पहिली आणि शेवटची!" मेट्रनबाई म्हणाल्या.

बुधवारी दत्तारामनं चाळ ताब्यात घेतली. सगळ्या खोल्यांतले रेडिओ बंद. चपला जिन्याखाली. मंजुळा कोळीण, जिची हाक ऐकून भांडुपची मांजरं नाहूरला यायची, ती बोटं दाखवून बांगडे विकू लागली. खालच्या रतनचं पोर रडलं, तर रतनच त्याला घेऊन गटारापलीकडे धावत सुटायची. आणि चाळीनं हे सगळं मनापासून केलं हो! चाळीतली पहिली नर्स होती ती.

गुरुवारी बंदोबस्त पूर्णत्वाला गेला. फोडणीनं पोरीला ठसका लागेल म्हणून विमलानं स्टोव्हच पेटवला नाही. शेजारणीनं पिठलं-भात आणून दिला. माश्या बसू नयेत म्हणून उदबत्ती लावली. उजेड नको म्हणून सुगंधानं पांढरी चादर डोक्यावरून ओढली. इस्पितळातून आणलेला कापूस कानांत गच्च बसवला. पंख्याचा वारा नीट लागावा म्हणून दत्तारामनं तिचं डोकं उत्तरेला केलं. गॅलरीत चार पुरुषमाणसं माना खाली घालून, आवाज न करता पत्ते खेळत बसली.

नेमका तेव्हाच विमलाचा भाऊ गुणाजी मरोळहून आला.

त्यानं जिन्याखाली चपलांचा ढीग पाहिला. गॅलरीत माना खाली घातलेले पुरुष पाहिले. पाठीमागून पत्ते थोडेच दिसतात! पिठलं घेऊन जाणारी शेजारीण पाहिली. दारातून चादर पाहिली, उदबत्ती पाहिली. तो तोंड उघडणार, इतक्यात पहारा देऊन डोळे लाल झालेल्या दत्तारामनं त्याच्या तोंडावर हात दाबला आणि मान हलवत त्याला जिन्यापर्यंत नेऊन सोडलं. मेव्हण्याच्या तोंडून दुःखानं शब्द फुटत नाही, हे गुणाजीनं ओळखलं.

गुणाजी कर्ता माणूस! तो रडत बसला नाही. थेट पोस्टात गेला आणि गावाला तार केली: 'सुगंधा सीरियस, ताबडतोब निघा.' तारेत 'सीरियस' म्हणजे काय, ते अख्ख्या कोकणाला कळतं. मग हार घेतला, परत आला, दत्ताराम जरा नळावर गेला होता तेवढ्यात आत शिरला आणि चादरीवर कोसळला.

"अगो बाय माझ्या! अशी कशी गेलस गोऽऽ!"

बाय उठून बसली! कानांतून कापसाचे बोळे लोंबताहेत, गळ्यात झेंडूचा हार!

"मामा, कधी आलास?"

मामा आडवा! मग सुगंधानं त्याची नाडी बघितली, तोंडावर पाणी मारलं, पाय उशीवर ठेवले. झोप एकूण पाऊण तास झाली.

"बस्स!" ती ड्युटीवर जाताना म्हणाली. "बाबा, शनिवारी मी दिवसपाळी मागणार!"



शुक्रवारी सकाळी ती परतली तर चाळीसमोर गावची अकरा माणसं रात्रीच्या एसटीनं येऊन हजर! तिला पांढऱ्या साडीत समोरून येताना पाहून दोन म्हाताऱ्यांनी तिथेच रवळनाथाचा धावा सुरू केला. सगळा उलगडा व्हायला तास गेला. गुणाजी तेवढा वेळ मोरीत लपून होता.

"बरा झाला! पोर जिवंत आसा, ह्याच खूप!" दत्तारामचा भाऊ हरेश्वर डोळे पुसत म्हणाला. तो गावच्या शाळेत मास्तर.

"मग आज राहून उद्या निघणार?" दत्तारामनं आशेनं विचारलं.

"उद्या? अरे, मी बाराव्यापर्यंतची रजा काडून इलंय! उद्याच हजर झालंय, तर हेडमास्तर काय म्हणात?"

विमलानं चटया मोजल्या. घरची पाच, गावची अकरा. भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसं आडवी घालून बघितली. मग लेकीला बाजूला घेऊन, डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बाय, दिवसपाळीचं तू म्हणतेस ते खरं गं. पण रात्री तुला झोपवू कुठं?"

सुगंधानं शनिवारी मेट्रनबाईंच्या कागदावर लिहून दिलं: रात्र.

पण देव कनवाळू! शनिवारी अकरा पाहुणे पोरांना घेऊन राणीची बाग बघायला गेले. खोली रिकामी. चाळ शांत. सुगंधा आडवी झाली ती दगडासारखी झोपली. दत्ताराम उशाशी बसून कौतुकानं बघत राहिला. काय झोप! कूस नाही, हालचाल नाही...

हालचाल नाही?

दत्ताराम जरा पुढे सरकला. चादर हलतेय का? पंख्यानं हलतेय की...? त्यानं पंखा बंद केला. मग हळूच एक बोट तिच्या नाकाखाली धरलं.

"बाबा?" सुगंधा दचकून उठली.

"काही नाही गं! झोप, झोप! निवांत झोप!"

ती झोपली. पंधरा मिनिटांनी बोट पुन्हा निघालं. या वेळी सुगंधानं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"आहे, बाबा. मी आहे."

दत्ताराम ओशाळून मागे सरला, तर पाठीमागून विमला कुजबुजली,

"झालं असेल तर सरका हो. मलाही बघू दे!"