टॅलूनीच्या बंदुका आणि हिरवी फीत

बंदूक जितकी निकामी, तितकी ती ऐतिहासिक असते. चालणारी बंदूक हा पोलिसांचा विषय आहे, न चालणारी हा अभिमानाचा. हे तत्त्व ‘टॅलूनी व पंचक्रोशी ऐतिहासिक बंदूक-संग्राहक मंडळा’ने गेली सेहेचाळीस वर्षं निष्ठेने पाळलं आहे.

मंडळाचा वार्षिक खुला दिवस प्रदर्शनाच्या मैदानावरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भरतो. खुल्या दिवशी सर्व काही बंद असतं. बंदुकांचे खटके सभासदांच्या घरी, त्या घरच्या कपाटांच्या किल्ल्या बायकांकडे, बंदुकांमधून ओवलेली तार, तारेला कुलूप, आणि टेबलापासून एक मीटरवर दोरी. (दोरीला हात लावू नये, अशी पाटी आहे.) बाहेर सॉसेज भाजले जातात. पावात कांदा सॉसेजच्या वर ठेवायचा की खाली, यावर मंडळाच्या तीन सभा झाल्या असून विषय अजून खुला आहे. त्या दिवशीची खुली गोष्ट म्हणाल तर तेवढीच.

यंदा बंदुका एक्केचाळीस होत्या. प्रत्येकीपुढे सुवाच्य अक्षरात लिहिलेलं कार्ड होतं. कार्डांनुसार चौतीस बंदुका पहिल्या महायुद्धात, पंधरा साली, तुर्कांविरुद्ध गॅलिपोलीला लढल्या, त्यांपैकी बावीस किनाऱ्यावर सर्वांत आधी उतरल्या. उरलेल्या सातांपैकी सहांचं जहाज थोडक्यात चुकलं. सातवी तुर्कांची, म्हणजे तीही तिथेच होती, फक्त समोरच्या बाजूला.

अशा बंदुकीच्या बुडाशी, पितळी कड्यावर, ती बनवल्याचं साल ठोकलेलं असतं. नेमक्या त्याच जागी मंडळ हिरवी फीत बांधतं. फीत शहिदांच्या सन्मानार्थ आहे. ती दुसरीकडे कुठेही बांधली तर सुटते, असा अनुभव आहे.

नेव्हिल पॅस्को हे मंडळाचे चिटणीस. वय एकाहत्तर, म्हणजे मंडळाची युवा शाखा. कार्डांवरचं अक्षर त्यांचं. पहिल्या टेबलावरची पहिली बंदूकही त्यांचीच, आजोबा क्लॅरी पॅस्को यांची. पण यंदा नेव्हिलचं लक्ष बंदुकांकडे नव्हतं, दाराकडे होतं. मान्यताप्राप्त मंडळांच्या यादीत राहायला किमान बारा सभासद लागतात. मार्चमध्ये सभासद बॅरी वारला आणि अकरा उरले. सोमवारी सरकारला वार्षिक माहिती जायची होती. तोवर बारावा मिळाला नाही तर मंडळ यादीतून बाद, मंडळ बाद तर परवाने बाद, आणि एक्केचाळीस बंदुका पोलिसांच्या करवतीखाली. चार वाजता हॉल रिकामा करायचा होता आणि नेव्हिलच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

दोन वाजेपर्यंत एकोणीस लोक आले. अकरा जण महामार्गावरून स्वच्छतागृहासाठी. पाच सॉसेजसाठी. दोघी शेजारच्या गोधड्यांच्या प्रदर्शनाला निघाल्या होत्या, चुकून इथे शिरल्या. (त्यांनी फितीच्या शिवणीचं कौतुक केलं.) आणि एकोणिसावी, थेल्मा क्विगली.

थेल्मा साठी उलटलेली, पायात रबरी बूट, हातात प्लास्टिकच्या पाकिटात कागद. तिचा भाऊ देस हिवाळ्यात वारला होता. त्याची बंदूक पोलीस ठाण्यात पडून होती. मंगळवारपर्यंत एखाद्या मंडळाचं सभासदत्व दाखवलं नाही तर ती कापणार होते.

“म्हणजे तुम्हाला मंडळ हवंय,” नेव्हिल म्हणाले. त्यांचा हात आधीच कोऱ्या अर्जांच्या गठ्ठ्याकडे गेला होता.

“आणि तुम्हाला माणूस हवंय, असं तुमचं तोंडच सांगतंय,” थेल्मा म्हणाली. “द्या तो अर्ज. चहा मिळेल का?”

नेव्हिलची बायको बेरिल हिने चहा दिला. अर्जावर पूर्वीच्या नोकरीचा रकाना होता. थेल्माने लिहिलं: सरकारी बंदूक कारखाना, जुन्या नोंदवह्यांचा विभाग, एकतीस वर्षं. नेव्हिलने ते वाचलं तेव्हा ती कप घेऊन पहिल्या टेबलापाशी पोचलीही होती.

फितीखाली साल झाकलं जातं. पण बंदुकीचा क्रमांक झाकता येत नाही, तो पोलिसांना दिसावा लागतो, आणि कुठला क्रमांक कुठल्या साली निघाला हे कारखान्याच्या नोंदवह्यांत असतं. थेल्मा किंचित वाकली.

“हं. एकवीस सालची,” ती म्हणाली. “तुमचे आजोबा लढाईवरून कधी परतले?”

“एकोणीस साली.”

“मग ही मागाहून निघाली असेल. बोटी तेव्हा उशिरानेच सुटायच्या.”

ती पुढे सरकली. दहा मिनिटांत तिने सहा क्रमांक वाचले, आणि सहाही बंदुका युद्ध संपल्यानंतर जन्मल्या. कुजकेपणा नव्हता तिच्यात. भाजीवाली शिळी भेंडी बाजूला काढते, तितक्याच सहजपणे ती सालं काढत होती. सभासदांना एकाएकी चहाच्या पिंपाची काळजी वाटू लागली आणि सगळे त्याच्यामागे जमले.

पिंपामागे तातडीची सभा भरली. अध्यक्ष मर्व्ह ट्रँटर, वय त्र्याऐंशी, यांनी ठराव मांडला की बाईंचा अर्ज नाकारावा.

“अरे, मग बंदुका कापतील ना,” कुणीतरी म्हणालं.

“कापू देत,” मर्व्ह म्हणाले. “कापलेल्या बंदुकीचा नंबर कोण वाचतो? वीरासारखी जाईल बिचारी. ही बाई आत आली तर दर महिन्याला वाचत बसेल.”

हा मुद्दा बिनतोड होता. वस्तू गेली तरी चालेल, गोष्ट राहिली पाहिजे, ही इतिहाससंशोधनाची मान्यताप्राप्त पद्धत आहे. ठरावाच्या बाजूने पाच, विरुद्ध पाच. निर्णय चिटणिसांवर आला.

“मला पाच मिनिटं द्या,” नेव्हिल म्हणाले.

ते थेल्माजवळ गेले. बेरिल तिथेच कपबशा गोळा करत होती.

“मी वाचलं होतं,” ते म्हणाले. “चोवीस वर्षांचा होतो. बंदूक पुसत होतो आणि साल दिसलं. बाबा पलीकडे दाढी करत होते. म्हटलं, उद्या सांगू. त्यानंतर ते सात वर्षं जगले. रोज दाढी करायचे.”

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त हलकं वाटलं.

“मला लग्नाआधीपासून माहीत आहे,” बेरिल म्हणाली. “तुझ्या आईनंच सांगितलं. क्लॅरी सगळं युद्ध कैरोत पाव भाजत होता.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“तू इतकं छान लिहिलं होतंस ते कार्ड.”

नेव्हिलने तिच्या हातातल्या कपबशा घेऊन टेबलावर ठेवल्या. मग थेल्माला म्हणाले, “तुमच्या भावाची बंदूक कुठली?”

“गॅलिपोलीची,” थेल्मा म्हणाली. “आमच्या मामाची. देस प्रत्येक नाताळला सांगायचा, मामा कसा चिखलातून तिला डोक्यावर धरून वर चढला.”

“आणि क्रमांक?”

थेल्माने कप खाली ठेवला. एकतीस वर्षं नोंदवह्या सांभाळलेली, दहा मिनिटांत सहा घराण्यांचा इतिहास निकालात काढणारी ती बाई खिडकीबाहेरच्या सॉसेजच्या धुराकडे बघत राहिली.

“तो मी कधी वाचला नाही,” ती म्हणाली. “देस माझ्याकडेच राहायचा, पंचवीस वर्षं ती माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर होती. मी तिच्याकडे पाठ करून बसायचे.”

नेव्हिलने खिशातून कोरं कार्ड काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं. “मामांचं नाव सांगा,” ते म्हणाले.

चार वाजायला वीस मिनिटं असताना थेल्मा क्विगली बारावी सभासद झाली. त्याच बैठकीत तिला क्रमांक-अधिकारी हे पद देण्यात आलं. नियमानुसार क्रमांक वाचण्याचा अधिकार आता फक्त याच अधिकाऱ्याला आहे, आणि अधिकाऱ्याने तो वापरू नये, असं पोटकलम आहे. पोटकलम थेल्मानेच सुचवलं. मर्व्ह यांनी अनुमोदन दिलं आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली. मंगळवारी देसची बंदूक हिरवी फीत बांधून घरी आली.

मंडळाचं काम त्यानंतर फार वाढलं. हल्ली ते घराण्यातल्या शस्त्रांना ऐतिहासिकतेचा दाखलाही देतं. अर्ज सोपा आहे: पूर्वजाचं नाव, त्याने गाजवलेली लढाई, आणि शस्त्रावर ठोकलेलं साल (ऐच्छिक). अर्ज सगळ्या जगातून येतात. सालाचा रकाना आजवर एकानेही भरलेला नाही. मराठीतले अर्ज चालतात, तलवारींचं तर स्वागतच आहे. तुमच्या दिवाणखान्यातल्या तलवारीची लढाई कोणती, ते मात्र लिहायची गरज नाही. पानिपत अर्जावर आधीच छापलेलं आहे.